हाताची किंमत कोर्टात कशी सांगायची? अपघाताच्या क्लेमची तयारी, पहिल्या दिवसापासून

(या भागाचा लेखी मजकूर. बोलण्याची ढब शक्यतो तशीच ठेवली आहे.)

महालातून बोलतोय. मागून हॉर्न ऐकू येत असेल तर सांभाळून घ्या, गांधी गेटकडची संध्याकाळची गर्दी काही आपल्यासाठी थांबत नाही.

आजचा विषय अपघाताच्या क्लेमचा. म्हणजे मोटार अपघात दावा प्राधिकरण, ज्याला सगळे 'ट्रिब्युनल' म्हणतात, तिथे जखमी माणसाच्या बाजूने केस कशी उभी करायची. ऐकणाऱ्यांमध्ये लॉ कॉलेजची मुलं आहेत, नुकती सनद मिळालेले ज्युनिअर आहेत. आणि असेही आहेत ज्यांच्या घरात कोणीतरी मेडिकलच्या वॉर्डात पडून आहे आणि 'पुढे काय करायचं' हे कोणी सांगून नाही राहिलं. बोलतोय मी वकिलाच्या भाषेत, पण घरच्यांनीही ऐका. अर्धी केस घरच्यांच्याच हातात असते.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, बाकी सगळा भाग तिच्याभोवती आहे. भरपाईचा आकडा शेवटच्या दिवशीच्या जोरदार भाषणाने ठरत नाही. तो एका गुणाकाराने ठरतो. त्यातला काही भाग कायद्याने ठरवून दिलाय. उरलेले दोन आकडे, कमाई आणि कामाचं नुकसान, हे तुम्ही पुराव्याने भरायचे असतात. तुम्ही नाही भरले तर कोर्ट अंदाजाने भरतं. आणि अंदाज कष्टकऱ्याच्या बाबतीत नेहमी कंजूष असतो.

नागपूरच्याच रस्त्यावरची एक जुनी केस

सुरुवात आपल्याच भागातून करू. डिसेंबर १९६०. नागपूरहून पांढुर्ण्याकडे एक कार निघाली. कार एका जिनिंग-प्रेसिंग कंपनीची, चालवत होता कंपनीचा मॅनेजर. रस्ता सरळ. गाडी चुकीच्या बाजूला गेली आणि रस्त्याकडेच्या झाडावर आदळली. आत बसलेल्या एका गृहस्थाचा मृत्यू झाला. त्यांच्या पत्नीने आणि मुलांनी क्लेम केला. ट्रिब्युनलने तो मान्य केला, हायकोर्टाने फिरवला. शेवटी मार्च १९७७ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो पुन्हा मान्य केला. 'पुष्पाबाई उदेशी विरुद्ध रणजित जिनिंग' या नावाने ही केस आजही देशभर वाचून दाखवतात.

यात शिकण्यासारखं काय? हायकोर्टाचं म्हणणं होतं की निष्काळजीपणा शाबित झाला नाही. सुप्रीम कोर्टाने उलटा विचार केला. अपघाताचं खरं कारण चालवणाऱ्याला माहीत. घरी बसलेल्या बायकोला ते कसं माहीत असणार? सरळ रस्ता सोडून गाडी भलत्या बाजूच्या झाडावर जाते, ही घटनाच बोलकी आहे. मग खुलासा गाडीवाल्याने करायचा. लॅटिनमध्ये याला 'रेस इप्सा लोक्विटर' म्हणतात, सोप्या मराठीत 'घटनाच बोलते'. आणि दुसरं, मॅनेजर कंपनीच्या कामाने निघाला होता, म्हणून कंपनीही जबाबदार.

पण घटना बोलते ती कशातून? रस्ता किती रुंद, गाडी कुठल्या बाजूला, झाड कडेपासून किती लांब, या तपशिलातून. असा तपशील कागदावर येण्याची जागा म्हणजे घटनास्थळ पंचनामा. म्हणून पहिला नियम: पंचनामा नीट वाचा. पोलिसांनी काढलेला नकाशा बघा. ब्रेकच्या खुणा, काचांचे तुकडे, गाडीचा चेपलेला भाग, हे सगळं त्यात आलंय का? नसेल आलं, तर आपले फोटो लागतात. आणि फोटो काढायचा दिवस पहिला किंवा दुसरा, सहा महिन्यांनंतरचा नाही.

पहिला महिना: पळापळ इथेच करा

आता क्रम सांगतो. लिहून घ्या किंवा स्क्रीनशॉट काढा.

एक, एफआयआरची प्रत, पंचनामा आणि दवाखान्यातली पहिली नोंद, म्हणजे एमएलसी. या पहिल्या नोंदीत 'कसं लागलं' हे लिहिलेलं असतं. तिथे कोणी घाईत 'गाडीवरून पडला' असं लिहिलं आणि धडकेचा उल्लेखच राहिला, की विमा कंपनीचा वकील तीन वर्षांनी तेच एक वाक्य घेऊन उभा राहतो. म्हणून नातेवाइकांनी दवाखान्यात खरं आणि पूर्ण सांगायचं.

दोन, कॅमेरे. चौकातले सरकारी कॅमेरे, दुकानाबाहेरचे खासगी कॅमेरे. हे रेकॉर्डिंग काही दिवसांत आपोआप पुसलं जातं. दुकानदाराला भेटा, पोलिसांना लेखी अर्ज द्या की अमुक वेळेचं फुटेज जप्त करा. अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या.

तीन, पोलिसांचे अहवाल. १ एप्रिल २०२२ पासून नवीन नियम लागू आहेत. पहिला अपघात अहवाल ४८ तासांत, अंतरिम अहवाल ५० दिवसांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत ट्रिब्युनलकडे जायला हवा. गाडीचा मालक कोण, ड्रायव्हर कोण, लायसन्स कोणतं, पॉलिसी कोणती, हे सगळं त्यात येतं. तपास अधिकाऱ्याकडे याचा पाठपुरावा करणं हे वकिलाचं काम आहे. 'येईल तेव्हा येईल' म्हणून बसून राहायचं नाही.

चार, मुदत. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ मध्ये २०१९ ला दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल २०२२ पासून क्लेम दाखल करायला सहा महिन्यांची मुदत आली. या तरतुदीला सुप्रीम कोर्टात आव्हान दिलेलं आहे, पण त्या भरवशावर झोपू नका. सहा महिने म्हणजे सहा महिने, असंच धरून चाला.

पाच, जागा. अपघात पांढुर्ण्याला झाला, गाडी भोपाळची, आणि जखमी माणूस महालात राहतो. क्लेम कुठे करायचा? कायदा अर्जदाराला निवड देतो: जिथे अपघात झाला तिथे, जिथे अर्जदार राहतो किंवा धंदा करतो तिथे, किंवा जिथे गैरअर्जदार राहतो तिथे. म्हणजे आपलं सिव्हिल लाइन्सचं कोर्ट चालतं. समृद्धीवर लांब कुठेतरी अपघात झाला म्हणून प्लास्टर घातलेल्या माणसाला तिकडे फिरवायची गरज नाही.

आणि सहा, कोणत्या कलमाखाली जायचं. कलम १६४ खाली चूक कोणाची हे शाबित करावं लागत नाही, पण रक्कम ठरलेली आहे: मृत्यूला ५ लाख, गंभीर दुखापतीला अडीच लाख. कमावता माणूस कायमचा जायबंदी झाला असेल तर अडीच लाखांत काय होतं? तिथे कलम १६६ खालीच लढावं लागतं. निष्काळजीपणा शाबित करावा लागतो, पण रक्कम खऱ्या नुकसानीप्रमाणे मिळते.

चूक कोणाची: किती पुरावा पुरतो?

नवीन वकील इथे घाबरतात. त्यांना वाटतं फौजदारी केससारखं शंभर टक्के शाबित करावं लागतं. तसं नाही. सुप्रीम कोर्टाने बिमला देवी केसमध्ये २००९ साली स्पष्ट केलंय की ट्रिब्युनलपुढे 'काय घडलं असण्याची शक्यता जास्त आहे' एवढं बघायचं. ड्रायव्हर फौजदारी केसमधून सुटला, तरी तेवढ्यावरून क्लेम पडत नाही. दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मग डावपेच काय? पहिला: जखमी माणूस स्वतः साक्षीदार आहे, त्याची साक्ष सगळ्यात मोलाची. दुसरा: गैरअर्जदाराचा ड्रायव्हर साक्षीला येतो का, यावर लक्ष ठेवा. बऱ्याचदा तो येतच नाही. ज्याला खरं माहीत आहे तोच पिंजऱ्यात उभा राहत नाही, तेव्हा युक्तिवादात कोर्टाला सांगा की याचा निष्कर्ष त्याच्या विरोधात काढावा.

तिसरा मुद्दा आपल्या तरुण मंडळींचा. ट्रिपल सीट! विमा कंपनी म्हणते, 'तिघं बसले होते, म्हणजे यांचीही चूक.' मोहम्मद सिद्दीकी केसमध्ये २०२० साली सुप्रीम कोर्टाने सांगितलं की तिघं बसले एवढ्यानेच मागे बसलेल्याचा वाटा धरता येत नाही. तिघं बसल्यामुळे अपघात झाला किंवा इजा वाढली, हा संबंध दाखवावा लागतो. मागून ट्रकने ठोकलं असेल तर दोघं असते तरी ठोकलंच असतं ना? हा प्रश्न उलटतपासणीत विचारायचा असतो. याचा अर्थ ट्रिपल सीट फिरा असा नाही, बरं का.

चौथा: दोन गाड्यांची चूक असेल आणि आपला माणूस मागच्या सीटवर असेल, तर तो पूर्ण रक्कम दोघांपैकी कोणाहीकडून मागू शकतो. खेन्येई केस, २०१५. ते आपसात काय वाटून घ्यायचं ते बघून घेतील.

कमाई: ज्याच्याकडे पगाराची स्लिप नाही त्याचं काय?

आता मुख्य गोष्ट. उदाहरण घेऊ. उदाहरण काल्पनिक आहे, पण जागा ओळखीची.

समजा, चितारओळीतला एक मूर्तिकार. वय २८. गणपती, देवी, कान्होबा, दिवाळीला लक्ष्मी. वर्षातले काही महिने रात्रंदिवस काम, काही महिने रिकामे. रात्री घरी येताना कारने उडवलं, उजव्या हाताचं मनगट मोडलं. ऑपरेशन झालं, प्लेट बसली, पण मनगट पहिल्यासारखं वळत नाही.

आता विमा कंपनीचा वकील उलटतपासणीत काय विचारणार?

'तुम्ही इन्कम टॅक्स रिटर्न भरता का?' नाही.
'दुकानाचं लायसन्स आहे का?' नाही.
'हिशोबाची वही आहे का?' नाही.
'म्हणजे तुमची कमाई दाखवणारा कोणताही कागद नाही, हे म्हणणं बरोबर आहे?' ...बरोबर.

झालं! चार 'नाही' आणि एक 'बरोबर'. यानंतर कोर्ट म्हणणार, चला, महिन्याला दहा हजार धरू.

हे आधी तोडायचं असतं. कायदा आपल्या बाजूने आहे. सय्यद सादिक केसमध्ये, २०१४ साली, भाजी विकणारा एक तरुण होता, पाय कापावा लागला होता. सुप्रीम कोर्ट म्हणालं की असंघटित कामातल्या माणसाकडून कमाईच्या कागदाचा हट्ट धरणं बरोबर नाही. पण फक्त निकालाचा हवाला देऊन थांबू नका. निकाल दार उघडतो, आत पुराव्यानेच जावं लागतं.

तर मूर्तिकाराकडे पुरावा नाही असं कोण म्हणतं? त्याचा फोन उघडा. यूपीआयने आलेल्या सगळ्या रकमा तिथे आहेत: मंडळांचा ॲडव्हान्स, घरगुती गणपतीचं बुकिंग. गेल्या दोन-तीन वर्षांचं बँक स्टेटमेंट काढा. फोनच्या गॅलरीत तारखेसकट मूर्तींचे फोटो आहेत. व्हॉट्सॲपवर 'दादा, यंदा पाच फुटी करा' असे मेसेज आहेत. शाडू माती, काथ्या आणि रंग ज्या दुकानातून येतात तिथली बिलं आहेत. आणि सर्वात भारी पुरावा: सार्वजनिक मंडळाचा जमाखर्च. त्यात 'मूर्तीचा खर्च' अशी ओळ असते. मंडळाच्या खजिनदाराला वही घेऊन साक्षीला बोलवा. तो ना नातेवाईक, ना त्याचा काही फायदा. त्याच्या दहा मिनिटांच्या साक्षीने केस बदलते.

फोनमधला पुरावा देताना एक अट विसरू नका. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम आलाय. त्याच्या कलम ६३ खाली डिजिटल पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं. त्याचे दोन भाग आहेत, एक पुरावा देणाऱ्याचा, दुसरा तज्ज्ञाचा, आणि फाइलची 'हॅश व्हॅल्यू' लिहावी लागते. नुसते प्रिंट काढून लावले की समोरचा हरकत घेतो, आणि निशाणी पडायची राहते. आणि हो, अपघातानंतर फोन बदलायचा असेल तर जुना फोन विकू नका, फॉरमॅट करू नका. बँक स्टेटमेंटवर बँकेचा शिक्का आणि बँकेचं प्रमाणपत्र घ्या.

रिटर्नचा प्रश्न येणारच. वर्षाला एक लाख ऐंशी हजार कमावणाऱ्याला टॅक्स लागतच नाही, मग रिटर्न कुठून येणार? ही गोष्ट सरतपासणीच्या प्रतिज्ञापत्रातच लिहून टाका. 'माझं उत्पन्न करपात्र मर्यादेखाली असल्याने मी रिटर्न भरत नाही.' प्रश्न विचारायच्या आधीच त्याची हवा निघून गेली.

घरकाम करणाऱ्या बाईंचंही असंच. 'गृहिणी, उत्पन्न नाही' असं अर्जात लिहू नका! सुप्रीम कोर्टाने २०२१ च्या कीर्ती केसमध्ये आणि त्याआधीही घरकामाचं मोल मोजलं पाहिजे असं सांगितलंय. स्वयंपाक, मुलं, म्हातारे सासू-सासरे, पाणी भरणं. ती पडल्यापासून ही कामं कोण करतं, किती पैसे देऊन करवून घ्यावी लागतात, हे प्रतिज्ञापत्रात तपशिलाने यायला हवं.

अपंगत्व: सर्टिफिकेटवरचे टक्के आणि पोटाचे टक्के

आता डॉक्टरांकडे येऊ. समजा, आपल्या मूर्तिकाराला ३० टक्के कायम अपंगत्वाचं सर्टिफिकेट मिळालं. बरेच जण तोच आकडा गुणाकारात टाकतात आणि मोकळे होतात. इथेच लाखो रुपये जातात.

राजकुमार विरुद्ध अजयकुमार, २०१०. प्रत्येक ज्युनिअरने हा निकाल पूर्ण वाचावा, सारांश नाही. त्यात सुप्रीम कोर्ट सांगतं की शरीराचं नुकसान वेगळं आणि कमाईच्या ताकदीचं नुकसान वेगळं. उदाहरणही दिलंय: डावा हात गेला तर ड्रायव्हर किंवा सुताराची कमाई जवळपास शंभर टक्के जाऊ शकते, पण कारकुनाची नोकरी टिकली तर कदाचित काहीच जाणार नाही. २०२० च्या पप्पू देव यादव केसमध्ये हात गमावलेल्या तरुण डेटा एन्ट्री ऑपरेटरचं कमाईचं नुकसान हायकोर्टाने ४५ टक्के धरलं होतं, सुप्रीम कोर्टाने ६५ केलं.

म्हणजे डॉक्टरांना साक्षीला बोलवायचंच. शक्यतो ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांना, कारण कोर्ट त्यांच्या शब्दाला जास्त वजन देतं. डॉक्टर व्यस्त असतात, तास-तास बाकावर बसवलं तर पुन्हा येत नाहीत. राजकुमार निकालातच ट्रिब्युनलना सांगितलंय की डॉक्टरांच्या सोयीची वेळ बघावी. तो परिच्छेद दाखवून ठरावीक वेळ मागून घ्या.

आणि प्रश्न काय विचाराल? 'अपंगत्व किती?' एवढंच विचारून बसू नका. असं विचारा:

'डॉक्टर, हे मनगट किती अंश वळतं? निरोगी मनगट किती वळतं?'
'बारीक ब्रश धरून हात न थरथरता रेघ काढता येईल का?'
'ओल्या मातीचा वजनदार गोळा उचलून दाबता येईल का? रोज दहा तास?'
'हे पुढे सुधारेल, की वयानुसार सांधा आणखी आखडेल?'
'प्लेट काढायला पुन्हा ऑपरेशन लागेल का, अंदाजे खर्च किती?'

बघा, प्रत्येक प्रश्न मूर्तिकामातला आहे. मूर्तीचे डोळे रेखणं, आखणी, हे त्या माणसाचं खरं कौशल्य. तेच गेलं. पण हे प्रश्न सुचायला वकिलाने एकदा त्याच्या कारखान्यात जाऊन बसावं लागतं. टेबलावर फाइल वाचून हे कळत नाही. खटला लढणाऱ्याने अशिलाचं काम डोळ्यांनी बघितलंच पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता गुणाकार

कागद-पेन घ्या. सरला वर्मा, २००९, यातून वयानुसार गुणक ठरला. प्रणय सेठी, २०१७, घटनापीठ, यातून भविष्यातल्या वाढीचे टक्के ठरले. २६ ते ३० वयाला गुणक १७. स्वतःचा धंदा असलेल्या चाळिशीच्या आतल्या माणसाला वाढ ४० टक्के.

पहिला हिशोब, तयारी न केलेला. कमाई अंदाजाने महिन्याला १०,०००. वर्षाचे १,२०,०००. अधिक ४० टक्के, म्हणजे १,६८,०००. गुणिले १७, म्हणजे २८,५६,०००. अपंगत्व सर्टिफिकेटप्रमाणे ३० टक्के. हातात येतात ८,५६,८००.

दुसरा हिशोब, तयारी केलेला. कमाई शाबित, महिन्याला सरासरी १५,०००. वर्षाचे १,८०,०००. अधिक ४० टक्के, २,५२,०००. गुणिले १७, ४२,८४,०००. डॉक्टरांच्या साक्षीवरून कोर्टाने कमाईचं नुकसान ६० टक्के धरलं. २५,७०,४००.

माणूस तोच, मनगट तेच, कार तीच. रक्कम बरोबर तिप्पट! आणि दुसऱ्या हिशोबात एक पैसाही खोटा नाही. फक्त जे खरं होतं ते कोर्टापुढे आलं.

याशिवाय वेगळे कप्पे असतात: दवाखाना आणि औषधं, येण्याजाण्याचा खर्च, चांगला आहार, काम बंद असलेल्या महिन्यांची कमाई, सांभाळणाऱ्याचा खर्च, पुढचे उपचार, वेदना, जगण्यातला गेलेला आनंद. औषधाची प्रत्येक पावती एका फाइलमध्ये, तारखेप्रमाणे. पातळ कागदाच्या पावत्यांची शाई उडते, लगेच फोटो काढा. कायम परावलंबी झालेल्या जखमींसाठी सांभाळणाऱ्याचा खर्चही गुणकाने मोजावा, असं सुप्रीम कोर्टाने २०२० च्या काजल केसमध्ये, बारा वर्षांच्या मुलीच्या बाबतीत केलंय. तो कप्पा रिकामा सोडू नका.

साक्षीच्या आदल्या दिवशी

अशिलाला पाठ करून पाठवू नका. पाठ केलेली साक्ष न्यायाधीशांना पहिल्या तीन वाक्यांत कळते. त्याला फक्त एवढं सांगा: प्रश्न पूर्ण ऐक, माहीत असेल तेवढंच सांग, माहीत नसेल तर 'माहीत नाही' म्हण, आणि वाढवून बोलू नकोस.

हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. 'मला हात हलवताच येत नाही' असं एखादा बोलून जातो, आणि समोरचा वकील पाण्याचा ग्लास पुढे करतो. तो उचलून पितो. संपलं. जे येतं ते सांगायचं: 'जेवता येतं, शर्टाची बटणं लावता येतात, पण ब्रश धरला की पाच मिनिटांत बोटं सुटतात.' हे वाक्य कुठलाही वकील मोडू शकत नाही, कारण ते खरं आहे.

कमजोर बाजूही आपणच आधी सांगायची. लायसन्स संपलं होतं? आधीचं एखादं दुखणं होतं? प्रतिज्ञापत्रात लिहा. आपण सांगितलं तर तो तपशील असतो, त्यांनी शोधून काढलं तर ती लपवाछपवी ठरते.

मग येते विमा कंपनी: 'आमच्या ड्रायव्हरकडे योग्य लायसन्स नव्हतं, आम्ही देणं लागत नाही.' पॉलिसीची अट मोडली हे शाबित करायची जबाबदारी कंपनीची. आणि २००४ च्या स्वर्णसिंग निकालापासून कोर्ट अशा प्रकरणांत अनेकदा सांगतं: आधी जखमीला द्या, मग मालकाकडून वसूल करा. छोट्या मालवाहू गाड्यांच्या लायसन्सचा जुना वादही नोव्हेंबर २०२४ मध्ये घटनापीठाने मिटवलाय: हलक्या वाहनाचं लायसन्स असलेला ७,५०० किलोच्या आतलं मालवाहू वाहन चालवू शकतो.

पैशाच्या दोन गोष्टी

लोक अदालतीत तडजोडीचा प्रस्ताव येतो. घ्यायचा की नाही? वर केलेला गुणाकार आधी कागदावर पाहिजे. स्वतःचा आकडाच माहीत नसेल तर समोरच्याचा आकडा मोठाच वाटतो. पैसे लवकर मिळण्यालाही किंमत आहे, हेही अशिलाला प्रामाणिकपणे सांगा. निर्णय त्याचा.

आणि फी. 'मिळालेल्या रकमेतून इतके टक्के माझे' असा करार वकिलाला करता येत नाही, बार कौन्सिलच्या नियमांत मनाई आहे. दवाखान्याच्या गेटवर फॉर्म घेऊन फिरणाऱ्या एजंटाच्या कोऱ्या कागदावर सही तर अजिबातच करू नका. परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. महिला, मुलं, अपंग व्यक्ती, अनुसूचित जाती-जमातीचे लोक यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. त्यासाठी लाजायचं काही काम नाही, तो हक्क आहे.

शेवटचं. भरपाई ही दया नाही. मोडलेल्या मनगटाचं मनगट कोर्ट परत देऊ शकत नाही, म्हणून त्याने जे कमावलं असतं ते देतं. पण ते मनगट काय करत होतं हे कोर्टाला कोणीतरी सांगावं लागतं, पंचनाम्यातून, मंडळाच्या वहीतून, डॉक्टरच्या साक्षीतून. त्या कोणीतरीलाच वकील म्हणतात.

पुढच्या भागात हिट अँड रनवर बोलू, म्हणजे गाडी सापडलीच नाही तर काय. तोवर हा भाग अशा एका माणसाला पाठवा ज्याला आज खरंच लागतोय. आणि हेल्मेट घाला बे! भेटूच.